तीन गोण्यांचा उजेड

नाशिकला समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी शेवटपर्यंत मान्य केली नाही. इतरांच्या स्वयंपाकघरात जिथे देवाचं नाहीतर दूधवाल्याचं कॅलेंडर असतं, तिथे त्यांच्याकडे रत्नागिरीच्या किनाऱ्याचा भरती-ओहोटीचा तक्ता टांगलेला असे आणि तो केवळ शोभेला नव्हता. बाई भाजीला जात त्या ओहोटीला. दळण टाकायला ओहोटी, पोस्टात ओहोटी. पाहुण्यांना बोलवायचं ते भरतीला. ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते, त्यामुळे बाईही सरकत. म्हणजे सोमवारी सकाळी आठला पिशवी घेऊन निघालेल्या बाई शनिवारी भर वैशाखात दुपारी बाराला निघत आणि भाजीवाली ओट्याखाली झोपलेली असली तर तिला उठवून मेथी मागत. कॉलेजात शिकताना दोन वर्षं त्या कोकणातल्या खडकांवर शेवाळ गोळा करत हिंडल्या होत्या, तेव्हापासून ही सवय. "ओहोटीला बाहेर पडायचं, भरतीला परत यायचं. यात चुकलं की माणूस बुडतो," असं त्या मला एकदा गंभीरपणे म्हणाल्या होत्या. गंगापूर रोडला बुडण्यासारखं काय आहे, हे मी विचारलं नाही. माझे वडील मात्र खिडकीतून बाई जाताना दिसल्या की म्हणत, "तिकडे पाणी उतरलं वाटतं."

बाई एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेत. प्राध्यापक नव्हेत. प्राध्यापक वर्गात सांगत आणि बाई प्रयोगशाळेत दाखवत, आणि सांगितलेलं व दाखवलेलं जुळलं नाही की बाई प्राध्यापकांना बोलावून घेत. त्यामुळे त्या शेवटपर्यंत प्रात्यक्षिकाच्या बाईच राहिल्या. आम्ही तळमजल्यावर राहायचो. वडील एका छोट्या छापखान्यात ट्रेडल हे छपाईचं यंत्र चालवायचे, आणि खराब झालेली पत्रकं घरी आणायचे. पाठकोऱ्या बाजूवर मी बेरीज-वजाबाकी शिकले आणि छापलेल्या बाजूवर वाचायला. मला पहिलं सलग वाचता आलेलं वाक्य "कामगार बंधू-भगिनींनो, आता नाही तर कधी?" हे होतं. विशीत पोहोचेपर्यंत मी स्वतः पत्रकं लिहू लागले होते. वसतिगृहाच्या पाण्यासाठी, सिन्नरच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी, वस्ती हटवण्याच्या विरोधात. बाई ती सगळी मन लावून वाचत आणि म्हणत, "तुझ्या लिखाणात सगळे एकतर पेटलेले असतात नाहीतर जागे होत असतात. नुसतं बसलेलं कुणी कसं नसतं गं?"

बाईंच्या मते जगातल्या वस्तूंचे दोनच प्रकार होते. लिंबू पिळल्यावर फसफसणाऱ्या आणि न फसफसणाऱ्या. जे फसफसतं त्यात चुना असतो, आणि ज्यात चुना असतो ते बाईंना जवळचं. खडू, अंड्याचं टरफल, शिंपला, शहाबादी फरशी, काही जणींची रांगोळी. त्यांच्या पर्समध्ये कंगव्याच्या शेजारी व्हिनेगरची थेंबाथेंबाने ओतायची बाटली असे, आणि कुणाच्याही घरी गेल्या की बाईंची नजर आधी जमिनीकडे जाई. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी घराला संगमरवर बसवला आणि वास्तुशांत घातली. राजस्थानहून खास मागवलाय, हे ते प्रत्येक पंगतीत सांगत होते. बाईंनी पुरीभाजी संपवली, पानातली लिंबाची फोड उचलली, कोपऱ्यात गुडघ्यावर बसल्या आणि दोन थेंब पिळून मिनिटभर वाट पाहिली. मग उठून सेक्रेटरींना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "फसवलं तुम्हाला. ही टाइल आहे." आणि त्यांचा चेहरा पाहून धीर द्यावा म्हणून पुढे जोडलं, "पण पुसायला फार सोपी." त्या दिवसापासून सेक्रेटरींनी बाईंचं नाव घेणं सोडलं. नोटिशीतसुद्धा ते 'वरच्या मजल्यावरील सभासद' असं लिहीत.

या सगळ्या चुन्याच्या मुळाशी एक शेवाळ होतं. शेवाळ म्हटलं की आपल्याला विहिरीची पायरी आणि मोडलेला पाय आठवतो, पण समुद्रात काही शेवाळं अशी असतात की ती अंगात चुना भरून घेतात. बाईंकडचं गुलाबी होतं, सांध्यासांध्याचं, बोटभर उंचीचं, बाहुलीच्या हाडांचं झुडूप असावं तसं. चिमटीत धरलं तर कुरकुरे. आता गिरण्यांचा, गाड्यांचा, चुलींचा जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला बराचसा समुद्र गिळतो आणि त्यापायी समुद्राचं पाणी हळूहळू आम्लाकडे झुकतं. जिभेला कळणार नाही इतकंच, पण चुना बांधणाऱ्याला कळतं. त्याला चुना मिळवणं जड जातं आणि बांधलेलाही विरघळायला लागतो. इथपर्यंत मोठमोठे लोक सांगतच होते. बाईंचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. शेवाळ उजेडात अन्न बनवतं आणि त्यासाठी हाच वायू वापरून टाकतं, म्हणजे उजेड चांगला असेल तर ते आपल्या अंगालगतचं पाणी आपल्यापुरतं ठीक ठेवू शकतं. अंधारात ते जमत नाही. मग तेच आम्ल, पण उजेड कमीजास्त असेल, तर कोण किती टिकतं? "आंबट पाणी सगळ्यांच्या वाट्याला सारखंच येतं," बाई म्हणाल्या, "उजेड येत नाही." मला तिथल्या तिथे त्यात पत्रक दिसलं. हा माझा दोष आहे, आणि पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

प्रयोग गच्चीवर होता. सिमेंटच्या हौदात पाणी, त्यात काचेच्या बारा बरण्या, बरणीत समुद्र आणि समुद्रात शेवाळ. सहा बरण्यांत साधी हवा सोडायची, सहांत हवेबरोबर मोजून कार्बन डायऑक्साइड, आणि दोन्हींकडे उजेडाच्या तीन पायऱ्या. बारा आठवडे, एकही दिवस न चुकता. त्या जूनमध्ये बाई निवृत्त होणार होत्या आणि किनाऱ्यावरच्या शास्त्रज्ञांच्या एका परिषदेने त्यांचं काम पाहायला मागितलं होतं. बत्तीस वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेलं दाखवत आलेल्या बाईला पहिल्यांदाच स्वतः सांगायला मिळणार होतं. त्या हे असं बोलल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "मध्ये खंड पडला तर संपलं. पुढच्या वर्षी मला प्रयोगशाळेची किल्ली नसेल."

साहित्य सगळं नाशिकचंच. समुद्र तेवढा बाहेरून आणावा लागे. बाईंचा एक जुना विद्यार्थी मुंबईला भाजीचा ट्रक नेई, तो परत येताना निळ्या ड्रममधून समुद्र आणी. पहिल्या खेपेला जकात नाक्यावरच्या कारकुनाने ड्रममध्ये काय आहे विचारलं. ड्रायव्हरने खरं ते सांगितलं. कारकुनाने यादीत मीठ पाहिलं, मासळी पाहिली, बाटलीतलं पाणी पाहिलं, आणि शेवटी विचारलं, "नवा की वापरलेला?" ड्रायव्हर म्हणाला, वापरलेला. सोडलं. उजेड कमी करायला बाईंनी कांद्याच्या जाळीदार गोण्या वापरल्या. कॉलेजचा शिपाई देवळ्याकडचा होता, तो गावाहून गठ्ठा घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, लोके कांदा मांगतस, तुम्ही रिकामी गोणी मांगतस." एक गोणी पसरली तर खडकावरचं ऊन, दोन पसरल्या तर कमरेएवढं पाणी, तीन पसरल्या की तीन-चार पुरुष खोल समुद्राचा तळ. पुढे पुढे बाईंना उजेड मोजायला दुसरं माप सुचेना. संध्याकाळी वडील ओट्यावर पेपर वाचत बसले की बाई वरून सांगत, "अहो, दोन गोण्यांचा उजेड राहिलाय, डोळे जातील." पाण्याचं आम्ल मोजायचं यंत्र द्राक्षांची वाइन करणाऱ्या आणखी एका विद्यार्थ्याने उसनं दिलं होतं. त्याला किंचित वास येई. बाई चहासुद्धा न पिणाऱ्या, त्या नाकाला पदर लावून समुद्र मोजत.

वजनासाठी त्या दर बुधवारी सराफ बाजारात जात. शेवाळाने चुना कमावला की गमावला हे वजनावरूनच कळणार, आणि इतकं बारीक वजन सोनाराशिवाय कोण करणार? बारा तुकडे बारा डब्यांत खाऱ्या पाण्यात बुडवून बाई दुकानात शिरत आणि सोनार लग्नाच्या गिऱ्हाइकाला थांबवून तराजूखाली पाण्याचा पेला ठेवी, तुकडा दोऱ्याने पाण्यात टांगे आणि श्वास रोखून काट्याकडे पाही. सुरुवातीला तो हसला होता. तिसऱ्या बुधवारी स्वतःहून वही काढून बसला होता. पाचव्या आठवड्यात बाईंना रस्त्यात पाहून त्याने हाक मारली, "बाई, सात नंबरची तब्येत कशी आहे? मागल्या वेळी उतरली होती." सात नंबर म्हणजे आम्लही आणि तीन गोण्याही. ती खरोखरच उतरत होती. एका गोणीखालची तीन नंबर त्याच आम्लात बसून हळूहळू का होईना, वजन कमावत होती.

आणि वायू मिळे तो सोडावाल्या चाचांकडून. जुन्या नाशकात त्यांचं गोटी सोड्याचं दुकान, बापापासूनचं. बाईंनी समुद्राचं दुखणं सांगितल्यावर त्यांनी छोटा सिलिंडर काढून दिला, दर सोमवारी भरून देऊ लागले, आणि तोटी किती फिरवायची हे शिकवायला एकदा तीन जिने चढून वर आले. गॅसला घाई चालत नाही, असं बजावून त्यांनी बुडबुडे मोजून दाखवले. आठवडाभर ते गिऱ्हाइकांना सांगत होते की आपला गॅस कॉलेजात जातो. लोडशेडिंगमध्ये साध्या हवेचा पंप बंद पडे, तेव्हा बाई आणि मी सायकलच्या पंपाने हवा भरत बसायचो. चाचांच्या सिलिंडरला मात्र विजेचं काही घेणंदेणं नव्हतं. सेक्रेटरींनी गच्चीवर डास होतात अशी नोटीस काढली, त्यावर बाईंनी खाऱ्या पाण्याचा पेला त्यांच्या दारात नेला आणि यात एकाही डासाने अंडी घातली तर आपण त्या डासाचा सत्कार करू असं सांगितलं. सगळं सुरळीत चाललं होतं.

आठव्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं. बाईंना विचारलं नाही, कारण त्यांनी ते तपासलं असतं. मथळा होता, 'सोड्याचा गॅस विरघळवतोय समुद्राची हाडं!' आणि खाली, 'नाशिककरांनो, जागे व्हा!' धुरांड्यांचे मालक, गाड्यांचे मालक, सगळ्यांना मी खाली झोडपलं होतं, पण ते तिसऱ्या परिच्छेदात. सोडा घातला तो लोकांना चटकन कळावं म्हणून. आणि उजेड काढून टाकला. विसरले नाही, काढला. चांगल्या उजेडात शेवाळ तग धरतं असं लिहिलं असतं तर वाचणारा हुश्श करून घरी गेला असता, आणि वाचणाऱ्याला सुटकेची फट ठेवायची नाही हे माझं घरचं शिक्षण. वडिलांनी छपाईचे खिळे जुळवताना एकदाच विचारलं, "सोडा पहिल्याच ओळीत कशाला?" मी म्हटलं, "लोकांसाठी."  ते पुढचे खिळे लावत राहिले.

एसटी स्टँड, कॉलेजचं फाटक, पंचवटी, मी एका दिवसात सगळी वाटून संपवली. आणि नाशिककर खरोखरच जागे झाले. मथळ्याच्या पहिल्या शब्दापाशी. एप्रिलचं ऊन, सोड्याचा मोसम, आणि आया पोरांना दुकानापासून ओढून नेऊ लागल्या. चाचांच्या समोरच्या उसाच्या रसवाल्याने पत्रक आपल्या गुऱ्हाळावर चिकटवलं आणि 'हाडं' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. सेक्रेटरींनी ते सोसायटीच्या फलकावर लावलं आणि शेजारी आपली डासांची नोटीस.

सोमवारी रिकामा होत आलेला सिलिंडर घेऊन मी बाईंबरोबर गेले. दुकानात कुणी नव्हतं. चाचांनी आम्हाला बाकावर बसवलं, दोन सोडे फोडले, आणि खिशातून घडी घातलेलं पत्रक काढलं.

"मी मराठी शाळेतला, बाई. वाचता येतं मला," ते म्हणाले. "माझ्या गॅसनं हाडं विरघळतात म्हणे. पन्नास साल झाली, रोज चार सोडे पितोय. ही बघा हाडं." त्यांनी बाही वर केली. हात काटकुळा होता पण बाकावर आपटला तेव्हा बाटल्या हलल्या. "तुम्हाला आता गॅस नाही देता येणार. दिला तर लोक बोलतील, समुद्राला मारायला चाचाच गॅस पुरवतो. बरोबर ना? आणि हे लिहिलं कोणी? खाली 'एक जागरूक नागरिक'. हा कुठे राहतो?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या पत्रकांतली सगळी माणसं छाती पुढे काढून बोलतात.  मी सोड्याच्या बाटलीकडे बघत म्हटलं, "मीच लिहिलं."

चाचांनी पत्रकाची घडी पुन्हा घातली. "मग नाव टाकायचंस ना बेटा. मी तुझ्याशी भांडलो असतो. कागदाशी कसा भांडू?"

 घरात गेल्यावर बाईंनी लाल पेन काढलं आणि विद्यार्थ्याची वही तपासावी तसं पत्रक तपासलं. उद्गारचिन्हं खोडली. 'हाडं' खोडून 'चुना' लिहिलं. 'विरघळवतोय'पुढे 'कुठे? किती?' असं लिहिलं. मग कागद उलटा केला, पाठीमागे पाहिलं, पुन्हा सुलटा केला.

"उजेड कुठे आहे?"

मी म्हटलं, जागा नव्हती.

"'जागे व्हा' तीनदा आहे," बाई म्हणाल्या. "तू अर्धं लिहिलंस. खोटं नाही, अर्धं. खोट्याला मी उत्तर दिलं असतं." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. प्रात्यक्षिकात बशी फोडणाऱ्या मुलीलाही त्या याच आवाजात बोलत असाव्यात. मग त्यांनी तक्त्याकडे पाहिलं, पदर खोचला, आणि म्हणाल्या, "सिलिंडरमध्ये तासाभराचा वायू आहे. त्यानंतर तुझा."

माझा म्हणजे माझ्या तोंडातला. आपल्या उच्छ्वासात तोच वायू असतो, आणि बाईंकडे रबरी नळ्या भरपूर होत्या. पुढचे पाच दिवस मी आणि बाई गच्चीवर आलटून पालटून सहा बरण्यांत फुंकत होतो. उन्हात, डोक्यावर ओला पंचा, तोंडात नळी. दर थोड्या वेळाने बाई नाकाला पदर लावून यंत्र बुडवत आणि सांगत, कुठे फुंक कमी, कुठे जास्त. "हळू," त्या म्हणत, "आपल्याला समुद्र किंचित आंबट करायचाय, लोणचं घालायचं नाही." सभेत दोन-दोन तास बोलणारी मी. तेवढीच हवा लागत होती, शब्द तेवढे नको होते. सेक्रेटरी एकदा वर आले, दोन बायका बरण्यांत फुंकताना त्यांनी पाहिल्या, आणि काही न विचारता खाली गेले. त्यांनी त्यावर नोटीस काढली नाही. काय लिहावं हे त्यांना सुचलं नसावं.

फुंकायची पाळी नसे तेव्हा मी दुसरं पत्रक लिहीत होते. बाई सांगत, मी लिहीत होते. त्याचा मथळा होता, 'समुद्र, वायू आणि उजेड यांविषयी थोडी माहिती'. सोडा प्यायल्याने समुद्राचं काही बिघडत नाही, बिघडतं ते धुरांड्यांमुळे आणि गाड्यांमुळे, असं पहिल्याच ओळीत होतं. उजेड होता. 'हे निष्कर्ष बारा बरण्यांपुरते आहेत' असं होतं. एकही उद्गारचिन्ह नव्हतं, आणि खाली माझं पूर्ण नाव होतं. वडिलांनी ते छापलं आणि म्हणाले की आजवर त्यांच्या हातून याच्याइतकं नीरस काही गेलेलं नाही. मी ते त्याच स्टँडवर, त्याच फाटकावर वाटलं. लोकांनी मथळा वाचून त्याच्यावर भेळ खाल्ली. शेवटचं मी चाचांच्या हातात दिलं आणि त्यांच्या दारात उभी राहून एकामागून एक सोडे प्यायले, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असे. पोट टम्म होईपर्यंत. रसवाला समोरून पाहत होता.

शनिवारी दुपारी चाचा तीन जिने चढून आले. खांद्यावर भरलेला सिलिंडर होता. दारातच थांबले. बाई बरणीवर वाकून फुंकत होत्या, गाल फुगलेले, पंचा कपाळावर घसरलेला, आणि नळी तोंडात असल्यामुळे त्यांना 'या' म्हणता येत नव्हतं. चाचा हसले, खोकला येईपर्यंत. "बाई, माणसंच मशीन झाली तर मी दुकान कशाला उघडायचं?" मग माझ्याकडे वळून, "तुझा कागद वाचला. झोप आली. चांगला आहे." त्यांनी स्वतः नळी जोडली, तोटी फिरवली, आणि बुडबुडे मोजत खाली बसले.

बारा आठवडे झाले. एका गोणीखालच्या बरण्यांनी आम्लातही वजन कमावलं, साध्या हवेतल्यांपेक्षा कमी, पण कमावलं. दोन गोण्यांखालच्या जेमतेम जिथल्या तिथे राहिल्या. तीन गोण्यांखालच्या आम्लातल्या दोन्ही घटल्या, सात नंबर सगळ्यात जास्त. सोनाराने शेवटचं वजन दोनदा केलं आणि वहीत लिहिताना मान हलवली. बाईंना हवं होतं ते उत्तर समोर होतं. टिपण लिहायला बसल्या तेव्हा मी शेजारी होते. नवव्या आठवड्यापाशी त्या थांबल्या आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'या आठवड्यात पाच दिवस वायू तोंडाने दिला. मात्रा समान राहिली असे म्हणता येणार नाही.'

मी म्हटलं, ते वाक्य राहू दे. उत्तर तर त्याने बदलत नाही. कुणाला कळणार आहे?

"अर्धं लिहू म्हणतेस?" बाई म्हणाल्या.

परिषदेचं पत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं. निरीक्षणं रोचक आहेत, पण पद्धतीत सातत्य नसल्याने स्वीकारता येत नाहीत, पुन्हा प्रयोग करून अवश्य पाठवा. बाईंनी ते उभ्याने वाचलं, चष्मा काढला, आणि तक्त्याकडे पाहिलं. "ओहोटी आहे," म्हणाल्या आणि पिशवी घेऊन भाजीला गेल्या. दुपारचे अडीच वाजले होते. मी खिडकीतून पाहत राहिले. वडील पेपरामागून 'पाणी उतरलं वाटतं' म्हणाले नाहीत.

निवृत्तीनंतर त्या कोकणात राहायला गेल्या, खडकांजवळच्या एका गावात, भाड्याच्या खोलीत. जाताना सात नंबर मला दिली. वाळून पांढरी झालेली, सोनाराच्या डबीत, खाली गुलाबी कागद. सोनाराने डबी स्वतः दिली होती. गोण्या त्यांनी घडी घालून शिपायाला परत केल्या. बरण्यांत आता आमच्याकडे कैरीचं लोणचं असतं. चाचांच्या दुकानात ते नीरस पत्रक अजून काचेखाली आहे. कुणी वाचत नाही, पण कुणी काढतही नाही.

बाईंचं पहिलं पत्र आलं त्यात तक्रार होती. 'इथे समुद्र दारात आहे. लोक नुसतं बघून सांगतात, पाणी उतरलं. त्यामुळे तक्ता कुठे मिळतच नाही, आणि तक्त्याशिवाय उद्या भाजीला कधी निघायचं ते आज ठरवता येत नाही. तू बघून कळवत जा.' तेव्हापासून दर वर्षी मी रत्नागिरीचा नवा तक्ता मागवते, स्वयंपाकघरात टांगते, आणि दर पंधरवड्याला नाशिकहून कोकणात कार्ड टाकते. सुरुवातीला उलटटपाली चुका यायच्या, लाल शाईत. मग नुसतं 'मिळालं' असं यायचं. गेल्या पावसाळ्यापासून काही आलेलं नाही. कार्ड परतही आलेलं नाही, म्हणून मी लिहिते. कालचं अजून टेबलावर आहे, डबीखाली दाबून ठेवलंय. 'गुरुवारी सकाळी नऊ चाळीसला ओहोटी. इकडे ढग आहेत, साधारण तीन गोण्यांचे. दुपारनंतर एक गोणी उठेल असं वाटतं, खात्री नाही.' आणि खाली माझं नाव, पूर्ण.